रेणूंची ओळखपरेड

प्रयोगशाळेच्या टेबलावर चार कुप्या आहेत आणि चारही कुप्यांत पांढरी भुकटी आहे. एकीत अ‍ॅस्पिरिन, दुसरीत पॅरासिटामॉल, तिसरीत साखर आणि चौथीत बेन्झोइक आम्ल. नुसत्या नजरेने त्यांत भेद करता येत नाही आणि अनोळखी पदार्थाची चव घेणे रसायनशास्त्रात सर्वथा निषिद्ध. शंभर वर्षांपूर्वीच्या रसायनशास्त्रज्ञाला या चौघांची ओळख पटविण्यासाठी बरीच यातायात करावी लागे. वितळबिंदू मोजायचा, निरनिराळ्या अभिकारकांशी क्रिया घडवून रंग बदलतो का, साका बसतो का, वास येतो का हे पाहायचे आणि त्या साऱ्या खुणा जुळवून निष्कर्ष काढायचा. त्यात दिवस जात आणि नमुन्याचा मोठा भाग खर्ची पडे. आज हेच काम मिलिग्रॅमभर भुकटीवर एक-दोन मिनिटांत होते. उपकरणाच्या पडद्यावर एक वळणावळणाची रेषा उमटते आणि ती वाचता येणाऱ्याला रेणूत कोणकोण दडले आहे ते सांगते.

या तंत्राचे नाव अवरक्त वर्णपटविज्ञान, म्हणजेच इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते पदवीच्या वर्गात भेटते आणि औषध कंपन्या, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, रंग व प्लास्टिकचे कारखाने, सीमाशुल्क विभाग यांच्या कामात ते रोज वापरले जाते. मात्र ही रेषा काय सांगते, याइतकेच ती काय सांगत नाही हेही समजून घेणे आवश्यक आहे. या दुसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले तर त्याची किंमत मोठी असू शकते.

मोजकी पात्रे, असंख्य नाटके

सेंद्रिय संयुगांची संख्या कोट्यवधींच्या घरात आहे. परंतु त्यांची रचना ज्या घटकांतून होते ते मोजकेच आहेत. कार्बन व हायड्रोजन यांचा सांगाडा आणि त्यावर ठिकठिकाणी जोडलेले काही ठराविक अणुगट, असे या रेणूंचे सर्वसाधारण स्वरूप असते. या अणुगटांना क्रियात्मक गट म्हणतात, कारण रेणूची रासायनिक वागणूक प्रामुख्याने तेच ठरवितात. ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी कार्बनला लागली की अल्कोहोल होते. व्हिनेगरचा आंबटपणा कार्बोक्सिल गटाचा. पिकलेल्या केळ्याच्या सुगंधात एस्टरचा मोठा वाटा असतो, तर नखांचा रंग पुसण्याच्या द्रवात वापरले जाणारे अ‍ॅसिटोन हे कीटोन होय. अनोळखी रेणूत कोणते क्रियात्मक गट आहेत हे कळले, तर त्याची निम्मी ओळख पटली असे समजावयास हरकत नाही. अवरक्त वर्णपट नेमके हेच काम करतो.

लाल रंगाच्या पलीकडे

या कथेचा आरंभ इ. स. १८०० मध्ये इंग्लंडमध्ये झाला. युरेनस ग्रहाचा शोध लावणारे खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल सूर्यप्रकाशातील निरनिराळ्या रंगांत उष्णता किती असते हे मोजत होते. प्रिझममधून फाकलेल्या रंगपट्ट्यात तापमापक सरकवत ते लाल रंगाच्या टोकाशी आले आणि त्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे, तापमापकाचा पारा अधिक चढला. डोळ्यांना न दिसणारा, पण उष्णता वाहून नेणारा हा प्रकाश म्हणजे अवरक्त किरण.

पदार्थ हे किरण कसे शोषून घेतात, याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकी शास्त्रज्ञ विल्यम कोब्लेंट्झ यांनी केला. १९०५ मध्ये त्यांनी शंभराहून अधिक संयुगांचे अवरक्त वर्णपट प्रसिद्ध केले. काच दीर्घ तरंगलांबीचे अवरक्त किरण अडवते, म्हणून प्रिझम सैंधवाचा, म्हणजे खनिज मिठाचा, घ्यावा लागे. एकेक तरंगलांबी निवडायची, गॅल्व्हानोमीटरवरील विचलन नोंदवायचे आणि बिंदू बिंदू जोडून आलेख काढायचा, असे ते चिकाटीचे काम होते. या खटाटोपातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. विशिष्ट अणुगट असलेली संयुगे, त्यांचा बाकीचा सांगाडा कसाही असो, विशिष्ट ठिकाणचे किरण हमखास शोषून घेत होती.

हे तंत्र कोब्लेंट्झ यांच्या हयातीतच प्रयोगशाळेतील रोजच्या वापराचे साधन झाले, ते दुसऱ्या महायुद्धामुळे. आग्नेय आशियातील रबराचे मळे १९४२ मध्ये जपानच्या ताब्यात गेले आणि अमेरिकेला कृत्रिम रबराची निकड भासू लागली. त्यासाठी लागणाऱ्या ब्युटाडाईनसारख्या हायड्रोकार्बनांचे झटपट विश्लेषण हवे होते. त्या गरजेतून १९४२ मध्ये बेकमन कंपनीचे आणि १९४४ मध्ये पर्किन-एल्मर कंपनीचे अवरक्त वर्णपटमापक तयार झाले. १९६९ मध्ये संगणकाला जोडलेली नव्या पिढीची उपकरणे बाजारात आली. ती सर्व तरंगलांबींचे मापन एकाच वेळी करतात आणि फूरिए यांच्या गणिती पद्धतीने त्यातून वर्णपट उलगडतात. आज सर्वत्र दिसतात ती बहुतांशी याच जातीची यंत्रे.

स्प्रिंगने जोडलेले गोळे

अणूंमधील बंध म्हणजे ताठर काडी नव्हे. दोन गोळे स्प्रिंगने जोडले तर ते जसे एकमेकांपासून दूर जातात आणि पुन्हा जवळ येतात, तसे अणू सतत कंप पावत असतात. काही कंपनांत बंध ताणला जातो व आखडतो, तर काहींत दोन बंधांमधील कोन लहानमोठा होतो. अ‍ॅस्पिरिनच्या रेणूत एकवीस अणू आहेत आणि त्याला सत्तावन्न प्रकारांनी कंप पावता येते. कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध तर सेकंदाला सुमारे ५० लाख कोटी वेळा ताणला व आखडला जातो.

कंपनाचा वेग दोन गोष्टींवर अवलंबून असतो. स्प्रिंग जितकी ताठ तितके कंपन जलद आणि गोळे जितके जड तितके ते संथ. रेणूंनाही हाच नियम लागू पडतो. अवरक्त किरणांची वारंवारिता आणि बंधाच्या कंपनाची वारंवारिता तंतोतंत जुळली की तो बंध किरणांतील ऊर्जा शोषून घेतो. झोपाळ्याला त्याच्या लयीत झोका दिला तरच तो उंच जातो, तसाच हा प्रकार आहे. पलीकडच्या बाजूस त्या विशिष्ट वारंवारितेचा प्रकाश कमी पोहोचतो आणि आलेखात त्या जागी खाच पडते. खाच खाली जाणारी असली तरी रसायनशास्त्रज्ञ तिला परंपरेने शिखरच म्हणतात.

ही शिखरे ज्या मोजपट्टीवर वाचतात तिला तरंगांक म्हणतात. एक सेंटिमीटर लांबीत प्रकाशाच्या किती लाटा बसतात, ती संख्या म्हणजे तरंगांक. नेहमीच्या वापरातील अवरक्त वर्णपट ४००० पासून ४०० पर्यंत पसरलेला असतो. कार्बन-कार्बनमधील एकेरी बंधाचे कंपन १००० च्या आसपास, दुहेरी बंधाचे १६५० च्या जवळपास, तर तिहेरी बंधाचे २१५० च्या सुमारास आढळते. स्प्रिंग ताठ होत गेली, तसा आकडा चढत गेला. उलट कार्बन-हायड्रोजन बंधातील हायड्रोजन काढून त्या जागी दुप्पट वजनाचा ड्युटेरिअम बसविला तर ३००० च्या आसपासचे शिखर २२०० पर्यंत खाली येते. बंध तोच राहिला आहे, फक्त गोळा जड झाला आहे.

आणखी एक अट आहे. कंपनामुळे रेणूतील धन व ऋण विद्युतभारांचा तोल बदलला पाहिजे, तरच तो किरण शोषू शकतो. ऑक्सिजन व नायट्रोजन यांच्या रेणूंत दोन सारखेच अणू असल्याने हा तोल बदलत नाही. म्हणून हवेचा जवळजवळ सगळा भाग अवरक्त किरणांना पारदर्शक आहे. कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ मात्र हे किरण शोषतात. पृथ्वीच्या तापमानवाढीमागेही हेच गुणधर्म आहेत. प्रयोगशाळेत त्यांचा उपद्रव असा की, नमुना ठेवण्याआधी नुसत्या हवेचा वर्णपट घेऊन तो वजा करावा लागतो. अन्यथा २३५० च्या जवळ दिसणारे शिखर नमुन्याचे नसून जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडचेही असू शकते.

ज्या कंपनांत हा तोल बदलत नाही, त्यांतील अनेक कंपने दुसऱ्या वाटेने दिसतात. ती वाट १९२८ मध्ये कोलकात्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी दाखविली. रामन परिणामावर आधारलेले वर्णपटविज्ञान आणि अवरक्त वर्णपटविज्ञान ही एकमेकांना पूरक आहेत.

वर्णपटाचे वाचन

अनुभवी रसायनशास्त्रज्ञ वर्णपट पुस्तकासारखा सलग वाचत नाही. तो आधी ठराविक ठिकाणी पाहतो. पहिली जागा ३२०० ते ३६०० या दरम्यानची. तेथे रुंद, पसरट शिखर दिसले तर हायड्रॉक्सिल गट असण्याची शक्यता बळावते. ते पसरट असते, कारण शेजारच्या रेणूंशी होणाऱ्या हायड्रोजन बंधांमुळे प्रत्येक रेणूची परिस्थिती किंचित वेगळी असते आणि असंख्य निकटची शिखरे एकमेकांत मिसळून जातात. याच भागात नायट्रोजन-हायड्रोजन बंधही दिसतो. नायट्रोजनवर दोन हायड्रोजन असतील तर शिखरांची जोडी, एक असेल तर एकच शिखर आणि एकही नसेल तर काहीच नाही. कार्बोक्सिलिक आम्लाचा हायड्रॉक्सिल गट याहून वेगळा ओळखू येतो. त्याचा पट्टा ३३०० पासून थेट २५०० पर्यंत पसरतो आणि वाटेतील कार्बन-हायड्रोजनची शिखरे त्यावर कोरल्यासारखी दिसतात.

यानंतर ३००० ही सीमारेषा. कार्बन-हायड्रोजनचे शिखर तिच्या खाली असेल तर साधा, एकेरी बंधांचा सांगाडा. वर असेल तर त्या कार्बनवर दुहेरी बंध किंवा बेन्झिनसारखे वलय. त्यापुढे २२५० च्या सुमारास नायट्राइल आणि तिहेरी बंध दिसतात. हा भाग एरवी मोकळाच असतो, म्हणून तेथील लहानसे शिखरही नजरेत भरते.

या वाचनात नसण्यालाही असण्याइतकेच महत्त्व आहे. इथेनॉल आणि डायमिथाइल ईथर या दोघांत दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन आहे. रेणुसूत्र एकच. परंतु पहिला मद्यातील द्रव, तर दुसरा सामान्य तापमानाला वायू. इथेनॉलच्या वर्णपटात हायड्रॉक्सिलचा ठळक पट्टा आहे आणि ईथरमध्ये तो नाही. तेवढ्यावर निकाल लागतो. ‘येथे हा गट नाही’ हे विधान वर्णपट बहुधा ‘येथे हा गट आहे’ या विधानापेक्षा अधिक ठामपणे करतो.

सतराशेचा प्रदेश

वर्णपटातील सर्वांत बोलका भाग १६५० ते १८२० या दरम्यानचा. कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाचे, म्हणजे कार्बोनिल गटाचे, शिखर येथे येते. ते सहसा ठसठशीत असते, त्यामुळे नजरेतून सुटत नाही. कीटोन, अल्डिहाइड, आम्ल, एस्टर, अमाइड या साऱ्यांत कार्बोनिल असतो. मग त्यांत भेद कसा करायचा? उत्तर आहे शेजारी. कार्बोनिलच्या शेजारी कोण बसले आहे, त्यानुसार त्याच्या बंधाचा ताठपणा थोडा कमीअधिक होतो आणि शिखर सरकते.

साधा कीटोन १७१५ ला असतो. शेजारी एस्टरमधील ऑक्सिजन आला तर शिखर १७४० च्या आसपास चढते. अमाइडमधील नायट्रोजन आपले इलेक्ट्रॉन कार्बोनिलला उसने देतो. त्यामुळे दुहेरी बंध थोडा सैल होतो आणि शिखर १६५० ते १६९० पर्यंत उतरते. अल्डिहाइडचे शिखर १७२५ ला, म्हणजे कीटोनच्या अगदी जवळ. पण २७२० आणि २८२० च्या आसपास दिसणारी कार्बन-हायड्रोजनची लहानशी जोडी त्याचे बिंग फोडते.

अ‍ॅस्पिरिनचे उदाहरण यासाठी बोधप्रद आहे. ते सॅलिसिलिक आम्लापासून बनते. सॅलिसिलिक आम्लात एकच कार्बोनिल आहे, तर अ‍ॅस्पिरिनमध्ये दोन, एक आम्लाचा आणि दुसरा एस्टरचा. म्हणून अ‍ॅस्पिरिनच्या वर्णपटात १७५० आणि १६९० यांच्या आसपास दोन स्पष्ट शिखरे दिसतात. तयार केलेल्या भुकटीत १७५० चे शिखर नसेल तर क्रिया झालेलीच नाही, हे विद्यार्थ्यालाही समजते.

कार्बोनिलवर परिणाम करणारी आणखी एक गोष्ट म्हणजे वलयाचा ताण. सहा कार्बनांच्या वलयातील कीटोन १७१५ ला, पाचाच्या वलयातील १७४५ ला आणि चाराच्या वलयातील १७८० ला. वलय लहान होते तसे बंधांचे कोन अवघडतात आणि कार्बोनिलची स्प्रिंग ताठ होते. हा तपशील वरवर किरकोळ वाटेल. परंतु विसाव्या शतकातील सर्वांत गाजलेल्या औषधाच्या रचनेचा वाद सुटण्यास त्याचा हातभार लागला.

पेनिसिलिनचा चौकोन

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलिनचा गुण पाहिला आणि ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० नंतर त्याला औषधाचे रूप दिले. युद्ध पेटलेले होते, जखमी सैनिकांना औषध हवे होते आणि बुरशीपासून मिळणारे पेनिसिलिन अतिशय तुटपुंजे होते. रेणूची रचना कळली तर ते प्रयोगशाळेत बनवता येईल, या आशेने ब्रिटन व अमेरिकेतील शेकडो रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले. त्यांचे अहवाल युद्धकाळात गुप्त ठेवण्यात आले होते.

रचनेबद्दल दोन प्रमुख तर्क होते. ऑक्सफर्डचे नामवंत रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या मते रेणूत ऑक्झॅझोलोन नावाचे पाच अणूंचे वलय होते. एडवर्ड अ‍ॅब्रहॅम व अर्न्स्ट चेन यांनी मात्र चार अणूंच्या वलयाचा तर्क मांडला. या चौकोनाला बीटा-लॅक्टम म्हणतात. तो एक प्रकारचा अमाइडच, पण चार अणूंच्या वलयात कोंडलेला. असा अवघडलेला चौकोन निसर्गात सापडेल, हे अनेकांना पटत नव्हते. अमेरिकेतील तरुण रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्ड यांचा कौल मात्र चौकोनालाच होता.

अवरक्त वर्णपट घेण्याचे काम ऑक्सफर्डमध्ये हॅरल्ड थॉम्प्सन, केंब्रिजमध्ये गॉर्डन सदरलंड आणि अमेरिकेतील काही प्रयोगशाळा करीत होत्या. पेनिसिलिनच्या वर्णपटात १७७० ते १७८० च्या दरम्यान एक ठळक शिखर मिळाले. ते साध्या अमाइडचे असणे शक्य नव्हते, कारण तो १७०० च्या खाली असतो. ऑक्झॅझोलोनचे कार्बोनिल १८०० च्या वर येते, म्हणजे रॉबिन्सन यांच्या रचनेलाही ते जुळत नव्हते. परंतु प्रयोगशाळेत बनविलेल्या साध्या बीटा-लॅक्टमचे शिखर १७४० ते १७५० च्या दरम्यान येत होते. चौकोनाच्या बाजूनेही तीस एककांची तफावत उरलीच.

ती तफावत भरून निघाली तुलनेतून. गंधक असलेल्या पाच अणूंच्या वलयाला चौकोन जोडलेली नमुना-संयुगे तयार करून त्यांचे वर्णपट घेतल्यावर शिखर वर सरकून पेनिसिलिनच्या जवळ येते, असे आढळले. दोन वलये एकमेकांना चिकटली की रेणू घडी घातलेल्या कागदासारखा दुमडतो. चौकोनातील नायट्रोजनला आपले इलेक्ट्रॉन कार्बोनिलला उसने देता येत नाहीत. अमाइडला सैल करणारा शेजारी हतबल होतो, वलयाचा ताण वाढतो आणि शिखर चढते.

अंतिम निर्णय मात्र वर्णपटाने दिला नाही. १९४५ मध्ये डोरोथी हॉजकिन यांनी बार्बरा लो आणि चार्ल्स बन यांच्यासह क्ष-किरणांच्या साह्याने पेनिसिलिनच्या स्फटिकातील अणूंच्या जागा निश्चित केल्या आणि चौकोनावर शिक्कामोर्तब झाले. अवरक्त वर्णपटाने तत्पूर्वी उत्तराची दिशा दाखविली होती. प्रयोगशाळेत पेनिसिलिन बनविण्याची युद्धकालीन आशा फलद्रूप झाली नाही. जॉन शीहन यांना त्याचे संपूर्ण संश्लेषण साधले ते १९५७ मध्ये. तोवर किण्वनाच्या मार्गाने पेनिसिलिनचे उत्पादन जगभर पसरले होते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यातही १९५५ मध्ये ते सुरू झाले होते.

या कथेतील सर्वांत मोलाचा भाग पुढेच आहे. शिखर वर सरकविणारा ताण आणि जंतू मारणारे सामर्थ्य या दोहोंचे मूळ एकच आहे. अवघडलेला चौकोन उघडण्यास उत्सुक असतो. जिवाणूची भिंत बांधणाऱ्या विकराला तो चिकटतो, उघडतो आणि त्या विकराला कायमचा अडकवून ठेवतो. भिंत अपुरी राहते आणि जिवाणू मरतो. उलट, ज्या जिवाणूंनी पेनिसिलिनला दाद देणे थांबविले आहे त्यांतील अनेकांजवळ हा चौकोन आधीच फोडणारे विकर असते. चौकोन फुटलेल्या पेनिसिलिनच्या वर्णपटातून १७७० चे शिखर नाहीसे होते. आलेखावरील एका खाचेचे असणे-नसणे म्हणजे औषधाचे जिवंत असणे-नसणे होय.

जिथे रेषा अपुरी पडते

वर्णपटाचा १५०० च्या खालचा भाग शिखरांनी गजबजलेला असतो. तेथे संपूर्ण सांगाडाच एकत्रितपणे कंप पावतो, त्यामुळे सुटे गट ओळखणे अवघड जाते. परंतु हीच गुंतागुंत प्रत्येक रेणूची स्वतःची असते. म्हणून या भागाला बोटांच्या ठशांचा विभाग म्हणतात. औषधांच्या तपासणीत नमुन्याचा वर्णपट प्रमाणित शुद्ध पदार्थाच्या वर्णपटाशी जुळवून पाहतात. भारतीय औषधसंहितेतही अनेक औषधांच्या ओळखीसाठी ही चाचणी सांगितलेली आहे.

तरीही या पद्धतीला मर्यादा आहेत. पहिली मर्यादा पाण्याची. पारंपरिक पद्धतीत भुकटी पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये मिसळून, दाबून पारदर्शक चकती बनवितात. हे मीठ दमट हवेत पाणी ओढून घेते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात चकती धुरकट होण्यास वेळ लागत नाही आणि मग ३४०० च्या सुमारास पाण्याचा पट्टा उमटतो. नवखा विद्यार्थी त्यालाच नमुन्यातील हायड्रॉक्सिल गट समजून बसतो. अलीकडच्या उपकरणांत हिऱ्याच्या लहानशा पृष्ठभागावर नमुना नुसता दाबून धरला की काम होते, त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. वर्णपट गट दाखवितो, पण एकाच प्रकारचे गट असलेल्या दोन पदार्थांच्या मिश्रणात तो सहज फसवू शकतो. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिल्या गेलेल्या चौदा रुग्णांचा मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाला. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीतून औषध खरेदी व तपासणीच्या व्यवस्थेतील दोष चव्हाट्यावर आले. रासायनिकदृष्ट्या पाहिले तर ग्लिसरीनवर तीन हायड्रॉक्सिल गट आहेत आणि डायएथिलिन ग्लायकॉलवर दोन, शिवाय मध्ये एक ईथरचा दुवा. दोन्ही द्रव रंगहीन, दाट, गोडसर. दोघांच्या वर्णपटांत ३३०० चा तोच रुंद पट्टा, २९०० च्या जवळ तीच कार्बन-हायड्रोजनची शिखरे आणि १००० ते ११५० च्या दरम्यान तशीच कार्बन-ऑक्सिजनची शिखरे. शुद्ध अवस्थेत ठशांच्या विभागात त्यांच्यातील फरक दिसतो. परंतु ग्लिसरीनमध्ये हे विष अल्प प्रमाणात असेल तर त्याची शिखरे ग्लिसरीनच्या शिखरांखाली दबून जातात.

म्हणूनच अमेरिकेच्या औषधसंहितेने २००९ मध्ये ग्लिसरीनच्या ओळखीच्या चाचणीतच गॅस क्रोमॅटोग्राफीचा समावेश केला. या तंत्राने मिश्रणातील घटक आधी वेगळे केले जातात आणि मग मोजले जातात. या विषाची मर्यादा तेथे ०.१० टक्के इतकी ठरविण्यात आली. अवरक्त वर्णपट यादीतून वगळला गेला नाही, पण त्याच्या एकट्याच्या साक्षीवर विसंबणे थांबले. तरीही २०२२ मध्ये गांबियात याच जातीच्या विषांनी दूषित झालेल्या बालकांच्या औषधांमुळे जीव गेले आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने पुन्हा मुलांचे बळी घेतले. विष ओळखणारे तंत्र अनेक वर्षांपासून उपलब्ध आहे. प्रश्न असतो तो, प्रत्येक पिंपातील कच्च्या मालावर ते वापरले जाते की नाही, हा.

साक्षीदार आणि न्यायाधीश

आधुनिक रसायनशास्त्रात अनोळखी रेणूची ओळख एकाच पुराव्यावर ठरत नाही. वस्तुमान वर्णपट रेणूचे वजन सांगतो, अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन सांगाड्यातील जोडण्या उलगडते, क्ष-किरण अणूंच्या जागा दाखवितात आणि क्रोमॅटोग्राफी मिश्रण सुटे करते. या पंगतीत अवरक्त वर्णपटाचे स्थान चटकन व स्वस्तात साक्ष देणाऱ्या साक्षीदाराचे आहे. ‘येथे कार्बोनिल आहे’, ‘येथे हायड्रॉक्सिल नाही’, ‘हा नमुना त्या प्रमाणित पदार्थासारखाच आहे’ ही विधाने तो आत्मविश्वासाने करतो. ‘याखेरीज यात दुसरे काहीही नाही’ हे विधान मात्र त्याच्या तोंडी घालता येत नाही.

पेनिसिलिनच्या वेळी रसायनशास्त्रज्ञांनी त्याची साक्ष नमुना-संयुगांशी ताडून पाहिली आणि निर्णयासाठी क्ष-किरणांची वाट पाहिली. ग्लिसरीनच्या बाबतीत शेकडो मैल दूर बनलेल्या औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठीवरच विश्वास ठेवला जातो, तेव्हा साक्षीदाराला बोलावलेच जात नाही. रेणू खोटे बोलत नाहीत, हे खरे. पण त्यांना कोणते प्रश्न विचारायचे आणि किती विचारायचे, हे ठरविण्याची जबाबदारी शेवटी माणसाचीच असते.